आप्पांचा फोटो ढिला धरा

आमच्या गावाचा मारुती नाल्याच्या पलीकडे आहे. म्हणजे मारुती आपल्या जागेवरच आहे, नाला हलला. फार मागे कधीतरी मोठा पूर आला आणि देवळाच्या मागून वाहणारा नाला पुढून वाहू लागला. तेव्हापासून भक्त अल्याड आणि देव पल्याड अशी व्यवस्था आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या मारुतीला आमच्या गावचा नारळ लागतो. भरल्या नाल्यातून नारळ न्यायचा कसा? जुन्या लोकांनी तोड काढली. नारळ अल्याडच्या काठावरून फेकायचा आणि लांबच्या वाटेने फिरून आधीच पल्याड पोचलेल्या आपल्या माणसांनी तो झेलायचा. नारळ जमिनीला टेकला किंवा फुटला, तर तो देवाला चालत नाही.

ही माणसं जाताना नारळ सोबत का नेत नसत, हा प्रश्न गावात आजवर कोणी विचारलेला नाही. आता तर नाल्यावर सिमेंटचा पूल आहे, अल्लीपूरहून येणारी एसटी त्यावरूनच येते. नारळ पिशवीत घालून पुलावरून नेता येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही.

अडचण एवढीच होती, की कित्येक वर्षांत आमचा नारळ पल्याड धड पोचला नव्हता. दरवर्षी दोन नारळ फेकायचे असतात, दरवर्षी दोन्ही फुटायचे. मग पल्याडच्या गावातल्या अंकित किराणावाल्याकडून नारळ विकत घेऊन मारुतीपुढे ठेवायचा. अंकित त्या दिवशी दुकान सोडून देवळाजवळच उभा असतो. चेहऱ्यावर दुःख आणि हातात पिशवी. पल्याडची मंडळी टाळ्या वाजवतात आणि वर्षभर लग्नाकार्यात विचारतात, "का हो पावणे, नारळ काय भाव घेतला यंदा?"

नारळ का फुटायचा, हे सांगायचं तर आधी रूपराव आप्पांबद्दल सांगावं लागेल.

रूपराव आप्पा आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. शेती भरपूर, शब्द कमी, इस्त्री कडक. त्यांच्या तरुणपणी नारळ नुसत्या हातांनी झेलत, मग धोतरात झेलू लागले. पुढे धोतर नेसणारेच संपले आणि फ्लेक्स आला. आप्पांचा वाढदिवस पोळ्याच्या आठवडाभर आधी येतो, त्यामुळे त्या सुमारास गावात सर्वांत मोठं, मजबूत आणि ताजं कापड म्हणजे आप्पांच्या अभीष्टचिंतनाचा फ्लेक्स. तोच चारी बाजूंनी धरून नारळ झेलायची पद्धत पडली. आणि फ्लेक्सवर आप्पांचा चेहरा असल्यामुळे तो ताणून धरायची पद्धतही पडली. सैल धरला की आप्पांच्या गालाला पोक येतो, मिशी एका बाजूला जाते. हे टाळायचं काम गोपालकडे होतं. गोपाल आप्पांचा जुना माणूस. नारळ येत असला तरी त्याची नजर आप्पांच्या कपाळावर असे. गेल्या वर्षी नारळ त्या कपाळावरून उसळला आणि गोपालच्या मनगटावर बसला. दिवाळीपर्यंत प्लास्टर होतं. फोटोला मात्र सुरकुती पडली नव्हती, असं तो आजही अभिमानाने सांगतो.

यंदा जूनमध्ये शाळेत वर्षाली मॅडम आल्या. हिंगणघाटच्या. विज्ञान शिकवायला.

शिकवायला म्हणजे, पहिल्याच आठवड्यात त्यांनी नववीचा वर्ग मैदानावर काढला, चुन्याची एक रेष मारली आणि मुलांना म्हणाल्या, "फेका."

"काय फेकू मॅडम?" मुलांनी विचारलं. वर्षानुवर्षे जे करू नका म्हणून छड्या खाल्ल्या, तेच करायला सांगितल्यावर माणूस जरा सावधच होतो.

आधी कागदाचे बोळे, मग चिंध्यांचे चेंडू, मग पाण्याचे फुगे. खाली फेकलेला चेंडू लवकर आपटतो, फार वर फेकलेला जवळच पडतो आणि मधोमध कलता फेकलेला सर्वांत लांब जातो, हे मुलांनी स्वतः पावलांनी मोजून काढलं. नियम कडक होते. तोंडावर नेम धरायचा नाही. फेकण्याआधी "येते!" म्हणून ओरडायचं. आणि रेषेच्या आत जाणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट पाहिजे. गावातली हेल्मेटं तोवर फक्त वर्ध्याच्या चौकापुरती वापरात होती. चौक ओलांडला की ती आरशाला लटकत. आता ती नववीच्या डोक्यांवर आली. एक हेल्मेट आतून उघडून मॅडमनी तो पांढरा फोम दाखवला. "डोकं किती जोरानं आपटतं, यापेक्षा ते किती झटकन थांबतं, त्यावर दुखापत ठरते. हा फोम दबतो आणि डोक्याला थांबायला जरा वेळ देतो. एवढंच त्याचं काम."

"म्हणजे हेल्मेट मंगसुऱ्या मास्तरसारखं हाय," मागून कोणीतरी म्हणालं. "दबते, पण वाचवते." हा आमच्या मुख्याध्यापकांचा उल्लेख होता, आणि तो अन्यायाचा नव्हता.

वर्गात काजल नावाची मुलगी आहे. शाळेत येण्यापेक्षा पऱ्हाटीत कापूस वेचायला जाणं बरं, असं आठवीपर्यंत तिचं स्पष्ट मत होतं. फेकाफेक सुरू झाल्यापासून ती घंटेच्या आधी हजर असे. तिच्याच टोळीने चादरीचा प्रयोग बसवला. चार जणांनी चादर सैल धरायची, त्यात अंडं फेकायचं. अंडं पोत्यात पडल्यासारखं चादरीत शिरतं, चादर मागे जाते आणि अंडं शाबूत राहतं. सगळं गाव हा प्रकार कुंपणावरून बघायला लागलं.

श्रावणातल्या एका शनिवारी आप्पाही आले.

ते फाटकातून आत शिरले आणि थेट रेषेच्या आत चालत गेले. अध्यक्षाला रेष कोण दाखवणार?

"हे काय चालू हाय वो मॅडम?"

"टक्कर शिकवते आहे, आप्पा. जरा रेषेच्या मागे..."

आप्पांचं लक्ष चादरीकडे गेलं. "आन् चादर अशी काऊन धरली या पोट्ट्यायनं? जेवले नाई का सकाळी? ताणा! ताणून धरा बे!"

आमच्या शाळेत शिस्त आहे. अध्यक्षांनी ताणा म्हटलं की मुलं ताणतात. अंडं तेव्हा हवेत होतं. ते ताणलेल्या चादरीवर पडलं, एकदा देखणी उसळी घेतली आणि आप्पांच्या छातीवर जाऊन फुटलं. शनिवार होता, श्रावण होता आणि सदरा त्याच सकाळी इस्त्री केलेला होता.

दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. मुख्याध्यापक टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. आप्पा दुसरा सदरा घालून आले होते.

"फेकाफेक आजपासून बंद," आप्पा म्हणाले. "मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा. ते पोर्टल का काय, त्यात रोज माहिती भराची असते, ती कोणी भरून नाई राह्यलं. विज्ञानाचे तास इतिहासाच्या सराकडे द्या. दोन्हीत पाठच तं कराचं असते."

इतिहासाचा सर मी. दहावीला असताना विज्ञानात मी कसा पास झालो, याची मला अजून नीट कल्पना नाही. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नव्हता उतरला.

"आप्पा, अंडं सैल चादरीत फुटत नव्हतं. ताणली म्हणून उसळलं."

"म्हंजे चूक माही?"

"चादरीची नव्हती, एवढंच म्हणते."

मुख्याध्यापकांनी पेपरवेट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"पोळ्याचा नारळ यंदा माझ्या वर्गाला झेलू द्या," मॅडम म्हणाल्या. "फुटला तर मी गपचूप पोर्टलवर बसते, वर्गाचं नावही काढणार नाही. नाही फुटला, तर वर्ग चालू राहील. अंड्यासकट."

आप्पा विचारात पडले. नारळ दरवर्षी फुटतोच. यंदा तो फुटला तर त्याला मॅडम जबाबदार राहतील, ही सोय त्यांना पसंत पडलेली दिसली.

"हाव. पण फ्लेक्स माहाच राहील."

"फ्लेक्स तुमचाच, आप्पा."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "मॅडम, प्रकाशाचं परावर्तन की अपवर्तन ते मला आजही कळत नाही. कृपा करून जिंका."

तयारी सुरू झाली, तर पहिली अडचण अंकुशची. अंकुश हा काजलचा मोठा भाऊ, आणि नारळ फेकायचा मान गेली काही वर्षं त्याचा. सकाळी जोर, संध्याकाळी बैठका, मध्ये आरसा. तो नारळ गोफणीतल्या दगडासारखा फेकायचा. सरळ, सपाट आणि सुसाट. पल्याडच्या लोकांना नारळ दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू यायचा.

"कलता फेकायचा," मॅडमनी त्याला सांगितलं. "आपल्याच काठावर ती बाभूळ आहे ना, तिच्या शेंड्यावरून. तसा फेकला की नाला पार करायला सर्वांत कमी जोर लागतो. आणि जेवढ्या वेगानं नारळ तुझ्या हातून सुटतो, साधारण तेवढ्याच वेगानं तिकडे येऊन पडतो. तू हळू सोडलास, तर तो हळू पोचेल."

अंकुशला हे विष प्यायला सांगितल्यासारखं वाटलं. "मॅडम, मी जोर कमी लावू? साऱ्या गावापुढं? तोंड कसं दाखवू मंग?"

"तुह्यं तोंड कोण पाह्यते रे दादा," काजल म्हणाली. "सारे नारळाकडे पाह्यतात."

"तू चूप बस. मोठी आली सायंटिस."

"जोर लावाले अक्कल लागत नाई. कमी लावाले लागते. म्हून तुले जमून नाई राह्यलं."

हे शेवटचं वाक्य कामाला आलं. त्यानंतर अंकुश रोज सकाळी बाभळीवरून चिंध्यांचा ओला गोळा फेकताना दिसू लागला. चारदा तो बाभळीतच अडकला. पाचव्या दिवसापासून तो नाल्यापार एकाच जागी पडायला लागला आणि अंकुश आरशात जसा बघतो तसा त्या जागेकडे बघायला लागला.

दुसरी अडचण सरावाच्या फ्लेक्सची. ताजा फ्लेक्स पोळ्यापर्यंत चौकात लटकत राहणार होता. ती सोडवली देवकाबाईंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने. काजल मागच्या दाराने गेली आणि परत आली ती काखेत गुंडाळी घेऊन.

"काकू म्हणे, घेऊन जा बाई, घरात ढीग पडला हाय यायच्या तोंडायचा. एकाखाली कांदे झाकले, एक गोठ्यावर टाकला."

तो फ्लेक्स साठीचा होता, फाटलेल्या कोपऱ्याला टाके घातलेले. मुलांनी आठ जणांत तो धरला. मॅडमचा धडा एवढाच होता, की सैल धरा आणि नारळ पडला की सगळ्यांनी एक पाऊल आत या, हात खाली सोडा. कापडाला नारळाबरोबर खाली जाऊ द्या. काजलने याला सुटसुटीत हुकूम शोधला. ती ओरडायची, "आप्पा, गिळा!" आणि आठ हेल्मेटं आत झुकायची. मधोमध आप्पांचा चेहरा दुमडून नारळाभोवती मिटायचा. सरावात त्यांनी किती नारळ गिळले त्याचा हिशोब नाही. फुटला एकही नाही. तेवढं पाहून माझी झोप सुधारली.

पोळा पार पडला. बैल सजले, तोरणाखालून गेले, पुरणपोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही काठांवर गर्दी जमली. तान्हा पोळा होता, त्यामुळे लहान पोरं लाकडी बैल घेऊन पुढे, बायका देवळाजवळच्या पारावर, आणि पल्याडचे लोक देवळाच्या ओट्यावर पाय सोडून निवांत बसलेले. अंकित पिशवी घेऊन उभा. नाल्याला गढूळ पाणी, फार नव्हतं, पण अवतार होता.

अल्याड अंकुश आणि वर्षाली मॅडम. पल्याड काजल आणि तिची टोळी, हेल्मेटं घालून, मध्ये आप्पांचा ताजा फ्लेक्स. वाढदिवसाचा हार, काळा चष्मा, खाली शुभेच्छुकांचे फोटो. एका मुलाला ताप आल्यामुळे आठवा कोपरा मी धरला होता. हेल्मेट मीही घातलं. त्यात शालेय इतिहासाची शान जाते असं मला वाटत होतं, पण शेजारी नववीतली आचल सरळ उभी असताना मी काय बोलणार?

चुन्याची रेष काजलने इथेही मारली होती. आप्पा, गोपाल आणि कार्यकर्ते रेषेच्या मागे.

"येते!" नाल्यापलीकडून अंकुश ओरडला.

नारळ सुटला. बाभळीच्या शेंड्यावरून तो इतका सावकाश वर चढला, की पल्याडचे लोक बोलायचे थांबले. अशा तब्येतीत येणारा आमचा नारळ त्यांनी पाहिलाच नव्हता. तो वर जाऊन टेकल्यासारखा झाला आणि खाली यायला लागला, अगदी आमच्यावर.

काजलने तोंड उघडलं तेवढ्यात गोपाल रेष ओलांडून धावला. त्याने फ्लेक्सची कड पकडली, मागून दोन कार्यकर्त्यांनी दुसरी पकडली आणि तिघांनी मिळून जीव खाऊन ओढली.

टण्ण. आप्पांच्या कपाळावरून नारळ उसळला, देवळाच्या पायरीवर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. पाणी अंकितच्या चपलेवर उडालं. पल्याडच्या मंडळींनी रीतसर टाळ्या वाजवल्या. अंकितने पिशवीचं तोंड उघडलं.

"गोपालकाका!" काजल किंचाळली. "तुमाले मधात कोणं बोलावलं?"

"अवं, आप्पाच्या कपाळाले घडी पडून राह्यली होती बाई!" गोपाल कळवळून म्हणाला. मनगट तो सवयीने चोळत होता.

"पडू द्या ना मंग! त्या घडीतच तं नारळ थांबते!"

नाल्यापलीकडे वर्षाली मॅडम काठाच्या अगदी टोकाला येऊन उभ्या होत्या. तिथून त्यांना फक्त फुटलेला नारळ दिसला असणार. पुलावरून धावत यायचं तर दुसरा नारळ फेकून होईल. त्यांच्या वर्गाचं, तासांचं, अंड्यांचं जे काय व्हायचं ते आता इकडे होणार होतं आणि इकडे त्यांची नववीतली एक मुलगी होती.

आप्पा पुढे आले. "फुटला ना? म्या म्हणलंच होतं. आता तो दुसरा नीट ताणून धरा, निदान गावाची इज्जत तं..."

"नाई ताणणार," काजल म्हणाली.

आप्पांना नाही म्हणणारं माणूस गावात दिसत नाही, त्यामुळे काय करायचं हे आप्पांनाही लगेच सुचलं नाही.

"माह्या तोंडाले घड्या पाडता काय?"

"आप्पा, त्या शनिवारी शाळेत तुमीच म्हणले ना, ताणा? ताणली आमी. मंग अंडं कुठं गेलं?"

पारावरून एक हसू फुटलं. ते देवकाबाईंचं होतं. सदरा त्यांनीच धुतला होता. मग सगळा काठ हसायला लागला. पल्याडचे, अल्याडचे, लाकडी बैलवाली पोरंसुद्धा, ज्यांना काही कळलं नव्हतं.

आप्पांचा हात छातीशी गेला, नेमका त्या जागी. त्यांनी फुटलेल्या नारळाकडे पाहिलं. मग फ्लेक्सकडे. मग गोपालच्या मनगटाकडे, आणि तिथे ते जरा जास्त वेळ बघत राहिले. माणूस हट्टी असेल, पण तरुणपणी नारळ हातांनी झेललेला होता. झेलताना हात मागे घ्यावा लागतो, हे त्या हातांना कधीतरी माहीत होतं.

"गोपाल, मांगं हो," ते म्हणाले. "सारे मांगं व्हा. कोपरा मी धरतो."

ते रेषेशी आले, तशी काजल आडवी आली. "आप्पा, हेल्मेट."

"मले?"

"आत याचं तं हेल्मेट. मॅडमचा नियम हाय."

गोपालने गाडीच्या आरशाला लटकलेलं आपलं हेल्मेट आणून दिलं. ते आप्पांना घट्ट होत होतं. दोन-तीन चापट्या मारून बसवावं लागलं, आणि आपल्या अध्यक्षांच्या डोक्यावर चापट्या मारायची संधी गोपालला आयुष्यात एकदाच मिळाली. आचलने आपली जागा सोडली, आप्पा माझ्या शेजारी उभे राहिले आणि कोपरा हातात येताच सवयीने तो ओढून धरला.

"ढिलं, आप्पा," काजल म्हणाली.

त्यांनी जरा सोडलं.

"अजून."

"अजून? अवं, माही मिशी लोंबून राह्यली ना पोरी!"

"लोंबू द्या. अजून ढिलं."

आप्पांनी डोळे मिटून सोडलं. फ्लेक्समधले आप्पा एकदम पोटात गेले. चष्मा नाकावर आला, हार हनुवटीला लागला, शुभेच्छुक एकमेकांच्या अंगावर पडले.

"येते!"

या वेळी सगळं गाव वर बघत होतं. बाभळीवरून नारळ चढला. पहिल्यापेक्षाही संथ होता. मला वाटतं, पलीकडून मॅडमनी अंकुशला काही सांगितलं नसेल. त्याचं त्यालाच कळलं असेल. तो वर जाऊन क्षणभर रेंगाळला, जणू कुठे पडावं याचा विचार करतोय, आणि खाली आला. थोडा माझ्या बाजूला.

"सर, दोन पावलं डावीकडे!" काजल ओरडली. मी गेलो. आप्पाही गेले. सगळे गेले. "आप्पा, गिळा!"

नारळ आप्पांच्या मिशीवर पडला आणि आत गेला. आठ जण एक पाऊल पुढे आले, आठ जोड हात खाली सुटले, फ्लेक्स त्याच्याबरोबर खोल जात राहिला, जमिनीपासून वीतभर वर थांबला आणि आप्पांचा सबंध चेहरा नारळाभोवती मिटून गेला. आवाज आला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आवाज आला नाही.

काजलने आत हात घातला आणि नारळ वर काढला. शेंडीसकट. अख्खा.

पुढचं काही वेळ मला नीट सांगता येणार नाही, कारण मी ओरडत होतो. अल्याडच्या काठावर अंकुश सगळ्यांना मिठ्या मारत होता; मॅडम तेवढ्या तिथे नव्हत्या, दुसरा नारळ सुटताच त्या पुलाकडे धावल्या होत्या. पोरांनी लाकडी बैल डोक्यावर धरले. पल्याडची मंडळी ओट्यावरून उठून उभी राहिली. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "आता वर्षभर काय इचाराव या लोकायले?" अंकितने पिशवीचं तोंड बांधलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खरं दुःख होतं. कोणीतरी झडती सुरू केली, म्हणजे पोळ्याला म्हणतात तशी जागेवर जुळवलेली:

नारळ चालला नाल्यापार,
खाली हेल्मेटं उभी चार चार,
जोरानं ताणलं तो फुटला यार,
ढिल्यानं धरलं तो पोचला पार!

आणि दोन्ही काठांनी एकदम महादेवाचा गजर केला. पल्याडच्यांनीसुद्धा. एवढ्या लोकांच्या समोर एवढ्या वर्षांची गाठ सुटली की गजर आपोआप तोंडात येतो.

आप्पा मारुतीपुढे गेले. नारळ हातात घेतला, देवाला दाखवला, शेंदूर लावला. आणि मग, ज्या नारळाला फुटू नये म्हणून गावाने एवढा जीव टाकला होता, तो त्यांनी देवळापुढच्या दगडावर आपटून फोडला. एका ठोक्यात.

"पाह्य," ते काजलला म्हणाले, "हा काऊन फुटला एवढा लवकर?"

"दगड मांगं सरकत नाई ना, आप्पा."

आप्पांनी मान डोलावली. हेल्मेटसह.

तेवढ्यात पुलावरून वर्षाली मॅडम धापा टाकत पोचल्या. चप्पल हातात होती. त्यांनी काजलकडे बघितलं, नारळाच्या दोन शकलांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"फुटला?"

"म्या फोडला, मॅडम," आप्पा म्हणाले. "देवापुढं. हे घ्या परसाद."

मॅडमनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, आणि मग त्यांना काय झालं ते कळलं. त्या हसल्या का रडल्या ते सांगता येणार नाही. त्यांनी काजलच्या हेल्मेटवर टकटक केलं, तेवढं दिसलं.

आप्पा हेल्मेट काढायला गेले. ते निघालं नाही. गोपालने मागून ओढून पाहिलं, अंकितनेही हात लावला. शेवटी आप्पांनी नाद सोडला आणि तसेच, काच वर करून, मॅडमकडे वळले.

"मॅडम, सोमवारी वर्गाले अंडे किती लागतात?"

"का हो, आप्पा?"

"श्रावण संपला ना काल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् सर, तुमी ते पोर्टल पाहून घेजा."